काही म्हणणं नाही

आत्या : मग काय तोंडात मिठाची गुळणी धरून साक्ष देऊ?

भाची : तसं नाही गं आत्या. विचारलं तेवढंच सांगायचं. मी विचारलं, तुमचे पती त्या दिवशी किती वाजता कामावर गेले? आणि तू त्याच्या आईच्या गुडघेदुखीपर्यंत पोचलीस. समोरचा वकील लगेच उठतो. हरकत, उत्तराचा प्रश्नाशी संबंध नाही.

आत्या : उठू दे की. त्या गुडघ्यांमुळेच उशीर झाला असेल त्याला.

भाची : आणि ‘असेल’ म्हणायचं नाही. तो अंदाज झाला. त्यावरही हरकत येते.

आत्या : श्वास घेतलेला चालतो ना तुमच्या कोर्टात, का त्यालाही आधी अर्ज द्यायचा? टाचण्या दे इकडे. ती नाही, पत्र्याची डबी. तुला दोन बोटं जास्त आहेत ह्या कोटाच्या खांद्याला. तुझ्या बापाला खांदे होते तेव्हाचा कोट हा.

भाची : उद्या अकराला कॉलेजच्या खोट्या कोर्टाच्या स्पर्धेची फायनल आहे. होईल ना तोपर्यंत?

आत्या : संध्याकाळपर्यंत देते. उजवी बाही उसवून ठेवलीय, ती वर घेऊन बसवली की झालं. हा मीच शिवलेला आहे, म्हणून उसवतानाही माझं ऐकतोय. विचार पुढचं.

भाची : आधी स्टुलावर नीट बस. हा तुझा पिंजरा. आणि तो कपडे चढवायचा पुतळा म्हणजे न्यायाधीश.

आत्या : त्याला डोकं नाही.

भाची : आमचे परीक्षक बघितले नाहीस तू अजून.

आत्या : एक सांग. वकील तुझ्या घरात, आणि तू सरावाला शिंपिणीच्या दुकानात. बाप काय झोपा काढतो?

भाची : ह्या वर्षीची केस बाबांनीच लिहिलीय ना. साक्षीदारांचे जबाब, नियमांची यादी, गुणांचा तक्ता, सगळं त्यांचं. म्हणून मला काही शिकवणार नाही असं त्यांनी कॉलेजला लिहून दिलंय. घरात मी केसचा ‘क’ काढला तरी उठून बाल्कनीत जातात.

आत्या : तत्त्वाचा मोठा.

भाची : आता लक्ष दे. मी गोदामाच्या मालकाची वकील. तुझा वकील समोरच्या टीममधला, तो आज इथे नाही. म्हणून त्याचे प्रश्नही मीच विचारते आणि हरकतही मीच घेते.

आत्या : मारायचंही तूच आणि रडायचंही तूच. चालू दे.

भाची : तू गोदामातल्या लिफ्टवाल्याची बायको. माल चढवायची लिफ्ट. दार उघडं असताना ती हलू नये म्हणून दाराला एक खटका असतो. तो खटका कुणीतरी वायरीनं बांधून ठेवला होता. मग एक दिवस दार उघडं असतानाच लिफ्ट सुटली आणि—

आत्या : आणि तो मधे सापडला.

भाची : हो. कागद वाचलेस तू?

आत्या : नाही. पुढे बोल.

भाची : मालकाचं म्हणणं, काम पटापट उरकावं म्हणून त्यानं स्वतःच खटका बांधला होता. बायकोचं म्हणणं, मॅनेजरनं बांधायला लावला. सगळी केस एवढ्यावर आहे, वायर कुणी बांधली. आत्या, सुई बघ, बोटात जाईल.

आत्या : जात नाही. विचार.

भाची : बाई, तुम्ही पतीला दवाखान्यात भेटलात का?

आत्या : भेटले.

भाची : ते शुद्धीवर होते?

आत्या : दुपारी दोनपर्यंत होते. नंतर नाही.

भाची : कागदावर संध्याकाळपर्यंत आहे, पण चालेल. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं?

आत्या : ते म्हणाले—

भाची : हरकत. ऐकीव पुरावा. बघ, असं उठायचं, वाक्य पुरं व्हायच्या आत. आत्या? अगं, तू खरंच गप्प बसलीस. घाबरतेस काय, हे खोटं कोर्ट आहे. इथे संपत नाही ते.

आत्या : इथे संपत नाही?

भाची : नाही. मी हरकत घेतली की न्यायाधीश तुझ्या वकिलाला विचारतात, वकीलसाहेब, यावर म्हणणं काय? मग त्यानं उठून उत्तर द्यायचं.

आत्या : काय उत्तर द्यायचं?

भाची : दुसऱ्याचं बोलणं साक्षीदारानं सांगायचं नाही, हा नियम आहे. का, तर तो दुसरा माणूस कोर्टात नाही, त्याला उलटे प्रश्न विचारता येत नाहीत. पण माणूस मेला असेल, आणि आपण कशामुळे मरतोय हेच त्यानं सांगितलं असेल, तर ते चालतं. त्याला आता आणायचा कुठून? ज्यानं ऐकलं त्यानं सांगायचं.

आत्या : परत सांग.

भाची : मेलेल्या माणसानं आपल्या मरणाचं कारण सांगितलं असेल, तर त्याच्या बायकोनं ते कोर्टात सांगितलेलं चालतं. माझी हरकत फेटाळली जाणार हे मला माहीत आहे. तरी घ्यायची, कारण समोरचा उठतो की नाही हे बघायचं असतं.

आत्या : हा नियम कधी झाला? आता आता झाला असेल.

भाची : छे. आजोबांच्या आजोबांच्या वेळचा आहे. पहिल्या वर्षालाच शिकवतात.

आत्या : बापाच्या यादीत आहे?

भाची : चौथ्या पानावर. थांब, वाचते. “मृत व्यक्तीने स्वतःच्या मृत्यूच्या कारणाविषयी केलेले कथन, ते ऐकणाऱ्या साक्षीदारामार्फत सिद्ध करता येईल.” आणि गुणांच्या तक्त्यात खाली टीप आहे. “या हरकतीस जो स्पर्धक उत्तर देणार नाही त्यास या भागाचे शून्य गुण द्यावेत. सबब ऐकू नये.” वर्गात सगळे हसले होते. सबब ऐकू नये, म्हणजे अगदी बाबाच.

आत्या : शून्य.

भाची : आत्या, काय होतंय तुला? पाणी देऊ?

आत्या : पाणी नको. हे गोदाम नव्हतं, चिमे. छापखाना होता. आणि संध्याकाळ नव्हती, दोन वाजले होते, भिंतीवर घड्याळ होतं समोर.

भाची : आतोबा? पण ते तर... घरात अपघात म्हणतात. कोर्ट वगैरे कधी कुणी बोललंच नाही.

आत्या : कोण बोलणार? मी बोलले, तीच चूक झाली म्हणतात. पिंजऱ्यात उभी होते. मला विचारलं, पतीनं काय सांगितलं? मी म्हटलं, ते म्हणाले. एवढे दोन शब्द. पलीकडचा वकील उठला, हरकत, ऐकीव. मग त्यांचं आपसात इंग्रजीत काहीतरी झालं, आणि संपलं. माझं पुढचं वाक्य कागदावर आलंच नाही. बाहेर आल्यावर आमचा मोठा वकील म्हणाला, बाई, ‘ते म्हणाले’ म्हणालात तिथेच तुम्ही घोळ केलात. मी विचारलं, मग कसं म्हणायला हवं होतं? तर म्हणाला, आता बोलून काय उपयोग?

भाची : पण तू काहीच चूक बोलली नव्हतीस.

आत्या : ते तू आज सांगतेस. निकालात लिहिलं, मयत स्वतःच्या निष्काळजीपणाला बळी पडला. वरच्या कोर्टात गेलो, तर ते म्हणाले, खाली कुणी काही म्हणणंच मांडलं नाही, आता कशाला आलात. सासूबाई मरेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणायच्या, पोराला हिनं कोर्टात दुसऱ्यांदा मारलं. शेवटी चमच्यानं पाणी द्यायला गेले तर तोंड फिरवलं त्यांनी. आणि मला ते पटायचं गं. मशीनवर बसले की मनात तेच वाक्य वेगवेगळं लावून बघायची. ‘मला कळलं की’ म्हटलं असतं तर? ‘मला माहीत आहे’ म्हटलं असतं तर? बावीस वर्षं. कुत्र्या-मांजरालाही कुणी इतकी वर्षं दारात बांधून ठेवत नाही.

भाची : मोठा वकील तेव्हा का उठला नाही?

आत्या : तो नव्हता. माझी साक्ष चालू असताना त्याला दुसऱ्या कोर्टात बोलावणं आलं. प्रश्नांचा कागद ज्युनियरच्या हातात देऊन गेला.

भाची : मग ज्युनियरनं उठायचं. त्यात काय आहे? पहिल्या वर्षाचं पोरगंही उठेल. कोण होता तो गाढव?

आत्या : त्याच्याच कोटाला टाचण्या लावतेय मी.

(वकील दुकानाचं काचेचं दार ढकलून आत येतो.)

वकील : झाला का गं ताई कोट? खाली गाडी आडवी लावून आलोय, पटकन... काय झालं? दोघी अशा का बघताय?

आत्या : बसू नकोस. बसायची तुला सवय आहे.

वकील : ताई?

भाची : बाबा, आतोबांच्या केसमध्ये ज्युनियर तुम्ही होता?

वकील : तुमचा सराव चालू आहे का? मग मी थांबत नाही. ह्या केससंबंधी तुझ्याशी बोलायचं नाही असं मी कॉलेजला लिहून—

आत्या : स्पर्धा घाल चुलीत. मी तुझ्या केसबद्दल बोलत नाही, माझ्या केसबद्दल बोलतेय. चौथं पान वाचलं मी. वाचलं म्हणजे हिनं वाचून दाखवलं.

वकील : ताई, वस्तुस्थिती अशी आहे, त्या काळात आणि त्या परिस्थितीत—

आत्या : माझ्या दुकानात साधं बोल.

वकील : तिसरा महिना होता माझा. सिनियर नसताना ज्युनियरनं तारीख मागायची, फायली धरायच्या, बाकी तोंड उघडायचं नाही, असं होतं तिथे. त्याच्या आठवडाभर आधी एक जण स्वतःच्या मनानं दोन वाक्यं बोलला, तर सरांनी त्याची पुस्तकं उचलून व्हरांड्यात ठेवली. सगळ्यांसमोर. मला बजावून गेले होते, कागदावर आहे तेवढंच विचार, वर एक शब्द नको.

आत्या : हे झालं सिनियरचं. आता तुझं. मी तुला एक संधी देते, बघ. म्हण, ताई, मला तेव्हा हा नियम माहीतच नव्हता. तिसरा महिना, पोरसवदा, नाही आठवलं. एवढं म्हण. मी उठून तुला पाणी देते आणि बाही बसवायला घेते.

भाची : बाबा, बोला ना.

वकील : माहीत होता.

आत्या : मोठ्यानं.

वकील : माहीत होता. आदल्या दिवशी वाचून ठेवला होता, तुझी साक्ष होती म्हणून. हरकत आली. न्यायाधीशांनी विचारलं, वकीलसाहेब, म्हणणं काय? मी दाराकडे बघितलं, सर येतायत का. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. ताई, ते थांबले होते माझ्यासाठी. पेन खाली ठेवून थांबले होते. मी टेबलाची कड धरली आणि म्हणालो, काही म्हणणं नाही.

भाची : बसूनच?

वकील : अर्धा उठलो होतो.

आत्या : अर्धा उठला होता म्हणे. ऐक गं चिमे, अर्धा उठला होता. हा कोट शिवला तेव्हा कापड निवडायला कोण गेलं होतं, आठवतं? मेहुणा वकील होतोय म्हणून दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं त्यांनी. हे चमकतं, ते चुरगळतं, कोर्टात उठून दिसलं पाहिजे म्हणून. उठून दिसलं पाहिजे. आणि तू त्याच कोटात टेबलाची कड धरून बसलास.

वकील : मला कळतंय.

आत्या : तुला काही कळत नाही. त्या दिवसाचं मी गिळलं असतं. भीती वाटते माणसाला, कुणाची जीभ टाळ्याला चिकटते, होतं. पण व्हरांड्यात तो म्हातारा मला म्हणाला, बाई, तुमच्या तोंडानं घोळ केला, तेव्हा तू त्याच्या शेजारी फायली घेऊन उभा होतास. तेव्हा सरळ उभा होतास. ‘ताईचं काही चुकलं नाही’ एवढं बोलायला कुठलं कलम लागत होतं?

वकील : सांगणार होतो. तुझ्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा एकदा जिन्यापर्यंत आलो होतो.

आत्या : जिन्यापर्यंत. पुन्हा अर्धाच.

वकील : मग जितकी वर्षं गेली तितकं अवघड झालं. म्हणून ही केस लिहिली, ताई. वाटलं, पोरं तरी उठतील. उद्या कुणीतरी उठून ते उत्तर देईल, तुझं वाक्य पुरं होईल.

आत्या : वा. म्हणजे माझा नवरा तुझ्या स्पर्धेचा पेपर झाला. छापखान्याचं गोदाम केलंस, दोनची संध्याकाळ केलीस, आणि खाली टीप टाकलीस. न उठणाऱ्याला शून्य, सबब ऐकू नये. स्वतःचं पाप पोरांच्या हातून धुऊन घेतोस? वर बक्षीस काय ठेवलंय?

भाची : पितळी तराजू.

आत्या : छान.

भाची : आणि बाबा, मला कुठल्या बाजूला टाकलंत माहीत आहे ना? उद्या ती बाई बोलायला लागली की मी उठून तिला गप्प करायचंय. तुम्हाला झोप कशी लागली?

वकील : बाजू चिठ्ठी टाकून ठरल्या. माझ्या हातात नव्हतं ते.

भाची : तुमच्या हातात कधीच काही नसतं. मी नाही घेणार हरकत. नाव काढून घेते उद्या.

आत्या : तू गप. तू हरकत घेणार, आणि चांगली खणखणीत घेणार. हरकत घेणाऱ्यावर माझा राग कधीच नव्हता. तो त्याच्या माणसासाठी उभा राहिला, त्याचं कामच होतं ते. माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. ए, घाल तो कोट.

वकील : ताई, एक बाही नाहीये त्याला.

आत्या : एका बाहीचाच घाल. टाचण्या टोचल्या तर टोचू देत. तिकडे उभा राहा, पुतळ्यासमोर. चिमे, तुझी हरकत घे.

भाची : आत्या, आत्ता?

आत्या : आत्ता. मी स्टुलावर बसलेय. मला विचारलंय, पतीनं काय सांगितलं. मी म्हटलं, ते म्हणाले. घे.

भाची : हरकत. ऐकीव पुरावा.

आत्या : न्यायाधीशाचं कोण बोलणार? त्याला डोकं नाही.

भाची : मी बोलते. वकीलसाहेब, यावर म्हणणं काय?

वकील : माननीय न्यायालयास नम्र विनंती की, प्रस्तुत साक्षीदार—

आत्या : साधं.

भाची : वकीलसाहेब, दुसऱ्यांदा विचारतेय. म्हणणं काय?

वकील : म्हणणं आहे. साहेब, म्हणणं आहे. ही बाई ज्याचं बोलणं सांगतेय तो माणूस त्याच जखमांनी गेला. आपण कसे गेलो हेच तो सांगत होता. त्याला आता इथे आणता येत नाही, म्हणून जिनं ऐकलं तिचं ऐकून घेतलं पाहिजे. तिला बोलू द्या. तिचं काही चुकलेलं नाही. साहेब, हिचं काहीही चुकलेलं नाही.

भाची : हरकत फेटाळली. साक्षीदारानं उत्तर द्यावं. मी लिहून घेतेय.

आत्या : खरंच लिही. पेन घे. म्हणाले, मी नाही बांधली. मॅनेजर म्हणाला, आजच्या आज माल खाली गेला पाहिजे, खटका बांध. मी नाही म्हटलं, तर त्यानं इलेक्ट्रिशियनला बोलावून बांधून घेतली, माझ्यासमोर. लाल वायर होती. तू सांग सगळ्यांना, मी एवढा मूर्ख नाही. एवढंच म्हणाले. मग पाणी मागितलं. लिहिलंस?

भाची : लिहिलं.

आत्या : वाच शेवटचं.

भाची : “तू सांग सगळ्यांना, मी एवढा मूर्ख नाही. मग पाणी मागितलं.”

वकील : ताई, मला—

आत्या : हरकत. तुला कुणी काही विचारलेलं नाही.

भाची : माझे साक्षीदाराला काही प्रश्न नाहीत.

आत्या : आज नसू देत. उद्या मात्र त्या बाईला सोडू नकोस, आणि तिच्या वकिलालाही. बघू उठतो का. आणि तू ऐक. मी माफबिफ काही केलेलं नाही, उगाच तोंड मऊ करू नकोस. माझी नणंद अजून आहे. सासूबाईंचा शब्द न् शब्द तिनं जपून ठेवलाय, माझ्या घरचं पाणी पीत नाही ती. उद्याची स्पर्धा संपली की तिच्याकडे जायचं. हा कागद तिला वाचून दाखवायचा, आणि आत्ता पुतळ्याला सांगितलंस ते तिला सांगायचं. जिन्यापर्यंत नाही. दार वाजवून, आत जाऊन.

वकील : तिनं हाकलून दिलं तर?

आत्या : तर परवा पुन्हा जायचं.

वकील : जातो.

आत्या : मग काढ आता तो कोट. बाही बसवायची राहिलीय, पोरीला उद्या उभं राहायचंय.